'गुड'च्या निमित्ताने : प्रस्तावना

'गुड' हा इंग्रजी शब्द माहीत नाही, असे शाळकरी मूल नाशिक जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बाई शिरल्या की मुले उठून एका सुरात 'गुड मॉर्निंग' म्हणतात. वहीत अक्षर नीट काढले असेल तर बाई लाल पेनाने 'गुड' लिहितात, फारच नीट असेल तर 'व्हेरी गुड'. दहावीपर्यंत हा शब्द मुलाच्या कानावरून आणि डोळ्यांखालून असंख्य वेळा गेलेला असतो. त्याच मुलाला 'गुड' वापरून आपल्या मनाने पाच वाक्ये लिहायला सांगा. 'शी इज गुड टीचर' असे पहिले वाक्य येते. 'माय सिस्टर सिंग्ज गुड' हे दुसरे. 'धिस इयर माय मार्क्स आर मोर बेटर' हे तिसरे. चौथ्या वाक्यापाशी पेन थांबते.

शब्द पाठ आहे, पण तो वाक्यात कुठे आणि कसा बसवायचा हे कुणी समजावून सांगितलेले नाही. हे पुस्तक त्या कामासाठी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या काही शिक्षकांनी आपापल्या वर्गातली वाक्ये समोर ठेवून ते तयार केले आहे. त्यांनी एकच साधे विशेषण हाती घेतले आणि ते वाक्यात बरोबर बसण्यासाठी व्याकरणाचा जो जो भाग लागतो, तो तो ओघाने मांडत नेला. एका विशेषणावर आख्खे पुस्तक उभे राहील का, अशी शंका कुणालाही येईल. तिचे उत्तर अनुभवाने मिळते. 'गुड' नामाच्या आधी ठेवायचे म्हटले की 'अ', 'ॲन', 'द' यांचा विचार करावा लागतो. ते नामाच्या नंतर ठेवायचे तर 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' लागतात. दोन गोष्टींची तुलना करायची तर 'बेटर' आणि 'दॅन' लागतात. क्रिया चांगली झाली असे म्हणायचे तर 'गुड' बाजूला ठेवून 'वेल' घ्यावे लागते. गणितात चांगला, तब्येतीला चांगले, आजीशी चांगला वागतो, ही तीन वाक्ये करायची तर 'ॲट', 'फॉर' आणि 'टू' हे तीन वेगळे शब्द हवेत. प्राथमिक इंग्रजी व्याकरणाचा बराच मोठा भाग या एका शब्दाभोवती गोळा होतो.

या विषयाला जो नवा आहे त्याच्यासाठी आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण विशेषण ही कल्पना आपल्याला वाटते तितकी जुनी आणि स्थिर नाही. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणकारांनी शब्दांच्या जाती ठरवल्या तेव्हा विशेषणाला स्वतंत्र जागा दिली नव्हती. नामासारखीच विभक्ती घेणारा शब्द म्हणून त्यांनी ते नामातच धरले. आपल्याकडे पाणिनीने समासाच्या प्रकरणात विशेषण आणि विशेष्य हे शब्द वापरले, पण रूपांच्या दृष्टीने दोन्ही सुबन्तच, म्हणजे विभक्तीचे प्रत्यय घेणारे शब्द. जुनी इंग्रजी व्याकरणेही लॅटिनच्या साच्यातली होती, म्हणून त्यांत विशेषण हा नामाचाच एक प्रकार होता. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणकारांनी त्याला वेगळे केले. लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले, त्यात शब्दांच्या नऊ जाती आहेत आणि विशेषण त्यांतली एक. मरे यांच्या पुस्तकाचा प्रसार इतका अफाट झाला की इंग्रजांची सत्ता जिथे जिथे गेली तिथे तिथे ही मांडणी शाळेत पोचली.

मुंबईत ती पोचली आणि तिथून मराठीत उतरली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यांनी मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मांडले. आज आपण शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा आठ जाती शिकतो, ती घडी त्या काळातली आहे. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ आला आणि त्यात या घडीची कसून तपासणी झाली. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की मराठी व्याकरण आणि इंग्रजी व्याकरण यांची ओळख जुनी आहे. शाळेत मात्र सकाळच्या तासाला मराठी विशेषण आणि दुपारच्या तासाला इंग्रजी ॲडजेक्टिव्ह अशी दोन वेगळी खाती असतात. एका खात्यात शिकलेले दुसऱ्यात चालते, हे मुलाला सांगितले जात नाही.

ही दोन खाती जोडून शिकवणारी एक परंपरा आपल्याकडे होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. थोडे शब्द, एखादा नियम, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी आणि मराठी वाक्यांचे इंग्रजी, असा तो क्रम. या पद्धतीला नंतरच्या शिक्षणशास्त्राने खूप नावे ठेवली. ती रुक्ष आहे, बोलायला शिकवत नाही, वाक्ये कृत्रिम आहेत, हे आक्षेप खोटे नाहीत. पण तर्खडकरांनी एक गोष्ट अचूक हेरली होती, आणि तिची जाण पुढच्या पुस्तकांतून हरवली असे माझे स्पष्ट मत आहे. समोरच्या मुलाला मराठी येते, ही त्यांची सुरुवात होती. त्या मुलाच्या डोक्यात एक संपूर्ण व्याकरण आधीच चालू आहे, हे धरून त्यांनी पुस्तक लिहिले.

त्यानंतरची परंपरा नियम आणि पदपरिचयाची. आधी नेस्फिल्ड यांची व्याकरणे आणि १९३०च्या दशकापासून रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे जगभर गाजले. त्यांचे व्याकरण आजही नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आणि गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या टेबलावर दिसते. वर्गीकरण आणि सराव यांसाठी ते भक्कम आहे. विशेषणाचे प्रकार ओळखा, डिग्री बदला, रिकाम्या जागा भरा, हे त्यावरून उत्तम जमते. मराठी घरातले मूल मात्र त्या पुस्तकाच्या नजरेसमोर नाही. ते कुठे आणि का अडखळते, याचा त्यात विचार नाही.

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले, पुढे महाराष्ट्रात बराच काळ इंग्रजी पाचवीपासून शिकवली गेली. शिकायला वर्षे कमी असल्याने वाक्यांचे साचे पक्के करून घेण्याची पद्धत पुढे आली. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना इंग्रजी वाक्यरचनांचे साचे बारकाईने नोंदले होते, तर मायकेल वेस्ट यांनी बंगालमधल्या अनुभवावरून नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत याचा हिशेब मांडला होता. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली आणि साच्यांची ही पद्धत देशभरच्या शिक्षकांपर्यंत गेली. फळ्यावर तक्ता काढून 'धिस इज अ गुड पेन', 'दॅट इज अ गुड बॅग' अशी वाक्ये वर्गाकडून घोटून घेण्याची रीत त्यातली. वाक्याचा कणा ताठ करण्यासाठी तिचा उपयोग झाला. तक्त्याबाहेरचे वाक्य आले की मूल गडबडायचे, ही तिची मर्यादा.

मग एन. एस. प्रभू यांचा प्रयोग आला. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत त्यांनी व्याकरण वेगळे न शिकवता मुलांना इंग्रजीतून कामे सोडवायला दिली. नकाशा वाचा, वेळापत्रकावरून गाडी शोधा, अशी कामे. अर्थावर लक्ष असले की व्याकरण मागून येते, हा त्यामागचा विचार. जगभर या प्रयोगाची चर्चा झाली आणि आजच्या पाठ्यपुस्तकांतल्या कृतींवर त्या विचाराची छाया आहे. मला त्या विचाराबद्दल आदर आहे. पण ज्या वर्गात साठ मुले आहेत आणि शाळेबाहेर इंग्रजीचे एक वाक्यही सहसा कानावर पडत नाही, तिथे व्याकरण आपोआप मागून येण्याची वाट पाहत बसणे मुलांना परवडत नाही.

आणखी एक प्रवाह आहे, आणि या पुस्तकाचे नाते त्याच्याशी सगळ्यात जवळचे. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा शेजारी ठेवून पाहण्याचा आग्रह धरला. दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी दाखवले की शिकणाऱ्याच्या चुका हा कचरा नसतो. त्या चुकांना रीत असते, आणि मुलाने मनात कोणता नियम बांधला आहे ते त्यातून वाचता येते. 'शी इज गुड टीचर' लिहिणारे मूल बेफिकीर नसते. ते मराठीच्या नियमाला अगदी प्रामाणिक असते. 'ती चांगली शिक्षिका आहे' या वाक्यात 'अ'साठी जागाच नाही.

इथून मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो. मराठी मुलाच्या दृष्टीने इंग्रजी विशेषणाचे रूप सोपे आहे, फारच सोपे. आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल म्हणतो, आणि 'मुलगा' या नामाला प्रत्यय लागला की 'चांगल्या मुलाला' म्हणतो. लिंग, वचन, सामान्यरूप यांप्रमाणे आकारान्त विशेषण फिरत राहते. सुंदर, हुशार, लाल, कडू ही मात्र फिरत नाहीत. इंग्रजीतली सगळीच विशेषणे या दुसऱ्या गटासारखी वागतात. हे एवढे सांगितले तरी मुलाचा जीव भांड्यात पडतो. 'इंग्रजी विशेषणे आपल्या सुंदर आणि हुशारसारखी अविकारी असतात', या एका वाक्यात जे कळते, त्यासाठी एरवी पानभर नियम लिहून द्यावे लागतात. 'गुड बॉइज' म्हणताना 'गुड'ला 'स' का लावायचा नाही, हेही त्यातच आले. 'गुड्स' हा शब्द इंग्रजीत आहे, पण तो माल या अर्थाचे नाम आहे. मनमाडच्या मुलाला ते सांगावे लागत नाही, त्याने गुड्स गाडी लहानपणापासून पाहिलेली असते.

रूप सोपे असले तरी जागा अवघड आहे. मराठी व्याकरणात नामाआधीचे ते अधिविशेषण आणि नामानंतरचे ते विधिविशेषण, असा भेद शिकवतात. 'गोड द्राक्षे' आणि 'द्राक्षे गोड आहेत'. इंग्रजीतही हेच दोन प्रकार आहेत, पण दोन्हींच्या अटी वेगळ्या. नामाआधी विशेषण आले आणि नाम एकवचनी, मोजता येणारे असेल, तर विशेषणाच्या आधी सहसा 'अ' किंवा 'ॲन' हवा. तो नामाचा असतो, पण त्याचे रूप लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावर ठरते. म्हणून 'अ मॅन' आणि 'ॲन ओल्ड मॅन', 'अ टीचर' आणि 'ॲन ऑनेस्ट टीचर'. विशेषण काढले किंवा घातले की आर्टिकल बदलू शकते, ही गोष्ट सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही. नामानंतर विशेषण आले तर क्रियापद हवेच. मराठीत 'पोरगा हुशार, पण आळशी' असे क्रियापदाशिवाय बोलले तरी चालते. इंग्रजीत 'द बॉय क्लेव्हर' चालत नाही. मुलांच्या वह्यांत 'इज' गळतो, त्यामागे निष्काळजीपणापेक्षा ही सवय जास्त असते.

'गुड' आणि 'वेल' यांचा गोंधळ सगळ्यांच्या परिचयाचा आहे, पण त्याचे कारण मी फार थोड्या वर्गांत सांगितले जाताना ऐकले आहे. मराठीत 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'त्या चांगल्या गातात' असे आपण म्हणतो. इथे 'चांगला' हा शब्द गाण्याबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतो, पण रूप विशेषणासारखे बदलतो. एकच शब्द दोन्ही कामे करत असल्याने मुलाला दोन वेगळ्या शब्दांची गरजच जाणवत नाही. म्हणून ते 'शी सिंग्ज गुड' लिहिते. गोंधळ कुठून येतो ते मुलाला दाखवले की ते स्वतःच प्रश्न विचारू लागते : ती चांगली आहे, की तिचे गाणे चांगले होते? पहिल्याला 'गुड', दुसऱ्याला 'वेल'. 'द मिसळ टेस्ट्स गुड' या वाक्यात क्रियापद असूनही 'गुड' का येते, तेही याच प्रश्नाने सुटते. चव मिसळीची आहे, चाखण्याच्या क्रियेची नाही.

तुलनेची गोष्ट अशीच. 'रमेश सुरेशपेक्षा उंच आहे' या वाक्यात 'उंच' जसाच्या तसा राहतो, तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतो. त्यामुळे 'रमेश इज टॉल दॅन सुरेश' असे वाक्य येते. 'जास्त उंच' म्हणणारा 'मोर टॉल' लिहितो. इंग्रजीत लहान शब्दाला शेपूट लागते, लांब शब्दाआधी 'मोर' येते. 'गुड' या दोन्हींत बसत नाही. त्याचे 'बेटर', 'बेस्ट' होते. हा इंग्रजीचा लहरीपणा नाही. जर्मनमध्येही 'गुट, बेसर, बेस्ट' असाच क्रम आहे, म्हणजे ही रूपे दोन्ही भाषांच्या समाईक पूर्वजाकडून आलेली आहेत. 'बेस्ट' तर आपण मराठीत सर्रास वापरतो, 'एकदम बेस्ट झालं' म्हणतो. तोच शब्द इंग्रजी वाक्यात नामाआधी गेला की त्याला सहसा 'द' लागतो, हे विसरायला होते ते या ओळखीमुळेच.

सगळ्यात खोल फरक मात्र भावना आणि शरीर यांच्या वाक्यांत आहे. मला भूक लागली, मला राग आला, मला भीती वाटते, मला कंटाळा आला. मराठीत भूक, राग, भीती, कंटाळा ही नामे आहेत, ती माणसाकडे येतात, त्याला लागतात, वाटतात. इंग्रजीत माणूस वाक्याचा कर्ता होतो आणि भावना त्याचे विशेषण होते : 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम बोअर्ड'. हा बदल शब्दाला शब्द ठेवून होत नाही, वाक्याची सगळी मांडणी उलटी करावी लागते. तो नीट न कळल्याने 'आय ॲम बोअरिंग' असे वाक्य येते, आणि बिचारे मूल मला कंटाळा आला असे सांगायला जाऊन मीच कंटाळवाणा आहे असे सांगून बसते. मराठी मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात या प्रकाराला मोठे प्रकरण हवे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. या पुस्तकात ते आहे.

दोन भाषांत नुसते फरकच असतात असे नाही. एका नामाआधी अनेक विशेषणे आली की त्यांचा क्रम कसा लावायचा, यावर इंग्रजी व्याकरणांत लांबलचक तक्ते असतात : मत, आकार, वय, रंग, मूळ, कशाचे बनले. मुले तो क्रम पाठ करून घाबरी होतात. आता 'मोठी लाल सुती पिशवी' हे मराठी पाहा. इंग्रजीत 'अ बिग रेड कॉटन बॅग'. क्रम तोच आहे. 'सुती लाल मोठी पिशवी' असे कोणतेही मराठी मूल सहज म्हणणार नाही. 'काहीतरी चांगलं' आणि 'समथिंग गुड' इथेही क्रम जुळतो. जे मुलाला आधीच येते ते येते म्हणून सांगणे, हे शिक्षकाच्या हातातले फार मोठे साधन आहे.

हे सारे आज का महत्त्वाचे? जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. इंग्रजी लवकर सुरू केली की ती आपोआप येईल ही आशा किती फळली, हे वह्या उघडून पाहिले की कळते. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला 'अ राइट अँगल' आणि 'द राइट अँगल' यांतला भेद व्याकरणाच्या तासाला नाही, तर भूमितीच्या तासाला नडतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत आयटीआय झालेला मुलगा यंत्राच्या सूचना इंग्रजीत वाचतो. निफाड आणि दिंडोरीतले द्राक्ष बागायतदार परदेशी खरेदीदारांशी पत्रव्यवहार करतात. 'थॉमसन सीडलेस' हे नाव त्यांच्या तोंडी रोज असते, म्हणजे 'लेस' लावून विशेषण कसे होते याचा वस्तुपाठ त्यांच्या बागेतच आहे. मालाचे वर्णन करताना नुसते 'गुड ग्रेप्स' लिहून भागत नाही. रंग, आकार, गोडी, कुरकुरीतपणा यांचे नेमके विशेषण लागते आणि ते नेमक्या जागी लागते. फोन आता वाक्य दुरुस्त करून देतो, पण ते का दुरुस्त केले हे सांगितल्यावर समजण्याइतके व्याकरण आपल्याकडे हवे. नाहीतर मुलाखतीच्या खोलीत, जिथे फोन बाहेर ठेवावा लागतो, पुन्हा चौथ्या वाक्यापाशी थांबायची वेळ येते.

नाशिकचा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करून चालणार नाही. सटाणा, मालेगाव, कळवणच्या बाजूला घरात अहिराणी बोलतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या आश्रमशाळांत कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल समाजांची मुले आपापली बोली घेऊन येतात. त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी हीच शिकायची भाषा असते आणि इंग्रजी त्यानंतरची. मराठीशी तुलना करून इंग्रजी शिकवताना या मुलांची बोली वगळली, तर आपण द्वारकानाथ तर्खडकरांच्याच शहाणपणाला सोडून दिले असे होईल. या पुस्तकाने काही ठिकाणी शिक्षकांसाठी जागा कोरी ठेवली आहे : तुमच्या वर्गातल्या बोलीत हे वाक्य कसे होते ते इथे लिहा. मला हा भाग पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो, जरी तो सध्या कोराच आहे.

पुस्तकाची भूमिका यातून स्पष्ट झाली असेल. व्याख्या शेवटी येते, वाक्य आधी. नियम मराठी वाक्याच्या शेजारी ठेवून सांगितला आहे. मुलांनी खरोखर केलेल्या चुका जशाच्या तशा दिल्या आहेत, त्यांची थट्टा कुठेही नाही. 'व्हॉट इज युअर गुड नेम' असे विचारणाऱ्यालाही हिणवलेले नाही. शुभ नाव विचारण्याच्या आपल्याकडच्या रीतीतून ते आले हे सांगून, परदेशी माणसाशी बोलताना नुसते 'नेम' पुरेसे आहे एवढेच म्हटले आहे. पुस्तकात जे नाही तेही सांगतो. काळांचे सगळे प्रकार नाहीत, प्रयोग नाहीत, निबंधलेखन नाही. उच्चारांवर फारच थोडे आहे, आणि तिथे ते कमी पडते असे मी संपादकांनाही कळवले आहे. स्पर्धा परीक्षेचे गाइड म्हणून कुणी हे विकत घेणार असेल तर त्याची निराशा होईल. वाक्य स्वतः बांधता यावे असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी हे आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. या पुस्तकातली वाक्ये फळ्यावर उतरवून घेण्यापुरती वापरू नका. आपल्या वर्गातली वाक्ये जमा करा, चुकलेली तर नक्कीच. लाल फुली मारण्याआधी ते वाक्य मराठीत किंवा त्या मुलाच्या बोलीत कसे होते ते त्याला विचारा. पुढच्या आवृत्तीत कोऱ्या जागा भरायच्या आहेत आणि ते काम सुरगाणा आणि सटाण्याच्या शिक्षकांशिवाय होणार नाही.

आणि विद्यार्थ्याला, मग तो सातवीतला असो की नोकरी करणारा : पहिला धडा उघडण्याआधी एका कागदावर 'गुड' वापरून पाच वाक्ये लिही आणि तो कागद पुस्तकाच्या शेवटच्या पानात ठेव. कुणाला विचारू नकोस, फोनवर तपासू नकोस. शेवटचा धडा झाला की ती पाचही वाक्ये पेन्सिलीने स्वतः दुरुस्त कर, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या पुढे ती का केली ते मराठीत लिही.